सकाळी पहिल्या स्टार्टला जुना ट्रक धूर टाकतोय? इंजिन खोलायच्या आधी हे बघा

ऊस सीझनला सांगली साताऱ्याकडं सकाळी गारठा असतो, त्यात लई किलोमीटर झालेला ट्रक स्टार्टला धूर टाकणारच, पण धूर दिसला की लगेच रिंग पिस्टन बदलायला काढू नका, खर्च मोठा आहे, आधी धुराचा रंग आणि वास बघा.

निळसर धूर, जळक्या ऑइलचा वास, आणि थोड्या वेळात बंद होतोय तर बहुतेक व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल अडवणारं रबर) कडक झालेत, रात्रभर ऑइल झिरपून खाली उतरतं आणि स्टार्टला जळतं. खात्री करायची असेल तर खंबाटकी घाटाच्या उतारावर गाडी गियरमध्ये ठेवून उतरवा, खाली आल्यावर रेस देताच निळा लोट आला तर संशय सीलवरच. गाडी गरम झाल्यावरही लोडमध्ये निळा धूर चालूच असेल आणि ऑइल भरायचं झाकण सैल केल्यावर आतनं भसाभसा वाफ येत असेल तर मात्र पिस्टनच्या रिंगा गेल्यात, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करूनच पुढं जा. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असेल तर निळा धूर त्याच्यामुळंपण येतो, त्याचा होज म्हणजे हवेचा पाइप काढून आत ऑइल साचलंय का तेपण बघा.

पांढरा धूर, डोळे चुरचुरतात, कच्च्या डिझेलचा वास, तर डिझेल फवारणारा नोझल टपकतोय किंवा हीटर प्लग (थंडीत स्टार्टला इंजिन आतनं तापवणारे) असतील तर ते गेलेत. पांढऱ्याला गोडसर वास आणि कूलंट (रेडिएटरचं पाणी) कमी होतंय तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉकमधली पॅकिंग) गेलंय, अशी गाडी लोड भरून अजिबात चालवू नका. काळ्या धुराला पहिला एअर फिल्टर बघा.