कम्युनिटी कॉलेजात कला-डिझाइन शिकताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घालायला प्रवेशपरीक्षा नसते. मार्कांची अट नसते, आधीची चित्रं कुणी मागत नाही. अर्ज भरा, फी भरा, या. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात तर घरापासून वीस मिनिटांवर एखादं सापडतंच. मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून मिळणाऱ्या व्हिसावर, इथे आले तेव्हा सासूबाईंना फोनवर सांगितलं होतं, "वेळ जायला चित्रकलेचा क्लास लावलाय." चौथ्याच आठवड्यात रात्री दीड वाजता ओट्यावर कागद पसरून करड्या रंगाच्या नऊ पट्ट्या तिसऱ्यांदा रंगवत बसले होते. दारात कुणी अडवत नाही म्हणून आतही सगळं सैल असेल, असं आपण धरून चालतो. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

फी आणि जागा

आपल्याकडच्या बायकांची पहिली चूक म्हणजे व्हिसा आहे, तेव्हा बाहेरच्यांचीच फी लागणार असं समजून गप्प बसणं. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला (वर्गाचा भार मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात, बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. एच-फोरवरच्या माणसाला कॅलिफोर्नियात रहिवासी ठरता येतं; सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिल्याचे आणि इथेच राहायचा इरादा असल्याचे पुरावे द्यावे लागतात. एफ-वनवाल्यांना, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना, ही सोय नाही. म्हणून घरभाड्याचा करार, बँकेची पत्रं, ड्रायव्हिंग लायसन्स आल्यापासून जपून ठेवा. माझ्या ओळखीच्या एकीने दोन सत्रं जास्तीची फी भरली आणि मग कुणाच्या तरी हळदीकुंकवात तिला हे कळलं.

दुसरी गोष्ट वेटलिस्टची. स्टुडिओत ईझल मोजकेच असतात, त्यामुळे चित्रकलेचे आणि मातीकामाचे वर्ग पटकन भरतात. वेटलिस्टवर नाव दिसलं की आपण घरी बसतो. तसं करू नका. पहिल्या तासाला हजर राहा. जे नाव घालूनही येत नाहीत त्यांना शिक्षक त्याच दिवशी काढून टाकतात, आणि समोर उभ्या असलेल्याला नाव घालायचा कोड मिळतो. उलट बाजूने, नाव घातलंय आणि पहिल्या दिवशी भारतातून परतीचं विमान आहे, तर शिक्षकांना आधी ईमेल टाका. नाहीतर तुमची जागा गेलीच म्हणून समजा.

तीन युनिट म्हणजे तीन तास नव्हे

इतिहासाचा तीन युनिटचा वर्ग आठवड्याला तीन तास भरतो. ड्रॉइंगचा तीन युनिटचा वर्ग साधारण सहा तास भरतो, कारण त्यात हाताने करायचं काम धरलेलं असतं. गृहपाठ वेगळा. एका सत्रात ड्रॉइंग, टू-डी (सपाट कागदावरचं) डिझाइन आणि मातीकाम असे तिन्ही घेतले की आठवड्याचे अठरा तास नुसते वर्गात जातात. मुलांना शाळेतून आणायचं असेल तर दोनच घ्या, तिसरा कलेचा इतिहास घ्या. झेपत नसेल तर पहिल्या दोनेक आठवड्यांत वर्ग सोडा. नंतर सोडलात तर गुणपत्रिकेवर वर्ग सोडल्याचा 'डब्ल्यू' कायमचा राहतो. क्युपर्टिनोचं डी अँझा आणि शेजारचं फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे नेहमीच्या सत्रापेक्षा छोट्या तिमाहींवर, चालतात. तिथे तारखा आणखी लवकर येतात, आणि युनिटचा हिशेबही वेगळा असतो.

सामान आधी आणू नका

तीन युनिटची फी होते १३८ डॉलर. सामानाचं बिल तेवढंच किंवा त्याहून जास्त होऊ शकतं, म्हणून भारतातून येताना पोस्टर कलरचा डबा, ब्रशांचा संच, सगळं घेऊन यायचा मोह होतो. मीही आणलं होतं. पोस्टर कलर सरावाला चालतात, पण वाळल्यावर ते खडूसारखे होतात आणि वरून दुसरा हात दिला की खालचा रंग उठून येतो. पहिल्या तासाला यादी मिळते. त्यातलं पहिल्या महिन्याला काय लागेल ते विचारून तेवढंच घ्या. कटर, स्टीलची पट्टी आणि कटिंग मॅट मात्र चांगलीच घ्या. प्लास्टिकच्या पट्टीवर कटर चालवला की आधी पट्टी कापली जाते, मग बोट.

इंटरमिजिएटचा 'ए' ग्रेड बाजूला ठेवा

हे लिहिताना मलाच थोडं टोचतंय. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेल्या आपल्या पिढीचा हात वाईट नसतो. स्मरणचित्रात देवळासमोरची जत्रा काढायची, संकल्पचित्रात चौकोन भरून काढायचा, हे आपल्याला जमतं. पण त्यातून सवय लागते ती मनातलं चित्र काढायची. इथे ड्रॉइंगच्या पहिल्या वर्गात सांगतात: समोर आहे ते काढा. मी बाटली काढली तेव्हा तिचं तोंड छान गोल लंबवर्तुळ होतं आणि बूड सरळ रेषेत होतं. बाटलीचं बूड तसं असतं हे मला 'माहीत' होतं. माझ्या जागेवरून ते तसं दिसत नव्हतं; तिथे तोंडापेक्षाही जास्त फुगीर वळण दिसत होतं.

चित्र बिघडतंय पण का, ते कळत नसेल तर या तीन गोष्टी आधी तपासा.

बोर्ड आडवा आहे का? मांडीवर बोर्ड घेऊन काढायची आपली जुनी सवय. कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो, म्हणून तो आखूड दिसतो, आणि आपण नकळत तो ताणून काढतो. जागेवर चित्र बरोबर वाटतं. भिंतीवर लावलं की सुरई लांब मानेची होते. ईझलवर बोर्ड जवळजवळ उभा लावा, नजर त्यावर सरळ पडू द्या.

मापताना कोपर वाकतंय का? पेन्सिल समोर धरून एक डोळा मिटून माप घ्यायचं, तर हात दर वेळी पूर्ण ताठ हवा. कोपर जरा वाकलं की माप बदललं. सफरचंदाची उंची एका अंतराने मोजली आणि किटलीची दुसऱ्याने, तर दोन्ही मापं बरोबर असूनही चित्र चुकतं.

आणि कोळसा कुठला वापरताय? वेलीचा मऊ कोळसा बोटानेही पुसला जातो. दाबून बनवलेल्या काळ्याकुट्ट कांडीची रेघ कागदात बसते ती बसतेच. नवशिके गडद येतं म्हणून कांडीनेच सुरुवात करतात आणि मग खोडरबराने कागद फाडतात. आखणी वेलीच्या कोळशाने करा, शेवटचे काळे तेवढे कांडीने. कणकेसारखं मळायचं ते करडं खोडरबर घासायचं नसतं, टिपायचं असतं.

फिगर ड्रॉइंगचंही सांगून टाकते, कारण कुणी मोकळेपणी बोलत नाही. मॉडेल विवस्त्र असते. पहिल्या दिवशी मी कागदाकडेच बघत बसले आणि चित्रात माणूस कुठेच नव्हता. तीस-तीस सेकंदांच्या पोझ सुरू झाल्या की लाजायलाही वेळ उरत नाही.

नऊ पट्ट्या

टू-डी डिझाइनमध्ये पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सारख्या पायऱ्यांची करडी पट्टी करायला लावतात, बहुधा ग्वाश या अपारदर्शक जलरंगात. आपण काय करतो, पांढऱ्यात काळ्याचा एक थेंब, मग आणखी एक थेंब, मग आणखी एक. पहिल्या दोन पट्ट्यांतच रंग धाडकन खाली येतो आणि शेवटच्या चार सगळ्या काळ्याच दिसतात. काळा फार जोरकस; थेंब सारखे घातले म्हणून डोळ्याला पायऱ्या सारख्या दिसत नाहीत. त्याऐवजी आधी मधली, पाचवी पट्टी ठरवा. मग पहिली आणि पाचवी यांच्या मधली तिसरी, पाचवी आणि नववी यांच्या मधली सातवी. उरलेल्या आपोआप सापडतात. तपासताना डोळे किलकिले करा. दोन पट्ट्या एकमेकींत विरघळल्या तर त्यांच्यात फरक कमी आहे.

ओला रंग बघून निर्णय घेऊ नका. ग्वाश वाळताना फिकट रंग थोडे गडद होतात आणि गडद थोडे फिकट. चिटोऱ्यावर ठिपका लावा, हेअर ड्रायरने वाळवा, मग जुळवा. रेघारेघा उमटत असतील तर रंग ताकासारखा झालाय. तो पातळ बासुंदीइतका हवा. अर्धवट वाळलेल्या भागावर पुन्हा ब्रश फिरवलात तरीही रेघा येतात. एका पट्टीला लागेल तेवढा रंग एकदाच कालवा. संपला म्हणून पुन्हा केलेला करडा कधीही जुळत नाही, हे माझं दीड वाजताचं ज्ञान.

भिंतीवर लावल्यावर

क्रिटीकमध्ये, म्हणजे सगळ्यांची कामं भिंतीवर लावून त्यांवर बोलायच्या तासाला, आपण दोनच गोष्टी करतो. आपल्या कामाची पाळी आली की "वेळ मिळाला नाही" अशी माफी मागतो, आणि दुसऱ्याच्या पाळीला "छान आहे" म्हणतो. शिक्षकांना दोन्हींचा उपयोग नसतो. डोळा आधी कुठे गेला, मग कुठे सरकला आणि कुठे अडकला, एवढं जरी सांगितलं तरी पुरतं. स्वतःच्या कामावर लोक बोलत असताना लिहून घ्या. लिहीत असलं की वाद घालायला तोंड मोकळं राहत नाही.

माती

फुटलेल्या भांड्याचा दोष बहुतेक जण जाडीला देतात. खरं कारण आत राहिलेली ओल. भट्टी तापताना तिची वाफ होते आणि भांडं आतून फुटतं, शेजारच्याचंही घेऊन जातं. भांडं गालाला लावून बघा. गार लागलं तर अजून ओलं आहे. कपाचा कान निघून येत असेल तर दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ मातीचा लेप लावायचा राहिलाय, किंवा कप वाळलेला आणि कान ओला असताना जोडलाय. चाकावर केलेल्या वाडग्याच्या बुडाला इंग्रजी 'एस'सारखी चीर पडते, कारण बूड नीट दाबून घेतलेलं नसतं.

'कोन ०६' आणि 'कोन ६' या भट्टीच्या तापमानाच्या खुणांत मात्र कधी गल्लत करू नका. पहिला साधारण १००० अंश सेल्सिअस, दुसरा साधारण १२२०. शून्याने दोनशेहून जास्त अंशांचा फरक पडतो. ०६ ची झिलई (भांड्यावरचा काचेसारखा लेप) ६ च्या भट्टीत गेली की वितळून ओघळते आणि भांडं भट्टीतल्या फळीला चिकटतं. बुडाखाली झिलई राहिली तरी तेच होतं, म्हणून ओल्या स्पंजाने बूड पुसून मगच भांडं फळीवर ठेवा.

मातीकाम आवडलं म्हणून तोच वर्ग दरवर्षी लावू, असं चालत नाही. 'सी' किंवा वरचा ग्रेड मिळाला की तो वर्ग पुन्हा घेता येत नाही, आणि एकाच गटातले वर्ग मिळून चारदाच. २०१३ पासून हा नियम आहे. चार वर्ग जपून वापरा. नुसतं चाकावर बसायचं असेल तर कॉलेजचे बिनक्रेडिटचे वर्ग बघा.

ट्रान्सफर करणार असाल तर

'दोन वर्षं इथे, मग युनिव्हर्सिटी' हा हिशेब कॅलेंडरवर मांडून बघा. ऑगस्टमध्ये सुरुवात केली, तर यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) यांचे अर्ज पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचे. म्हणजे हातात पंधरा महिने, आणि पूर्ण झालेली सत्रं दोनच. पोर्टफोलिओ या दोन सत्रांतूनच उभा राहतो. असिस्ट या संकेतस्थळावर कुठला वर्ग कुठे धरला जातो ते पहिल्याच महिन्यात बघा. स्टुडिओ आर्टची ट्रान्सफर पदवी घेतली की कॅल स्टेटमध्ये कुठेतरी जागा मिळते, पण हव्या त्या कॅम्पसची खात्री नसते. खासगी कॉलेजांचे नियम ज्याचे त्याचे. त्यातल्या एकावरच डोळा ठेवून बसू नका: सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट १८७१ पासूनचं, तेसुद्धा २०२२ मध्ये बंद पडलं.

आणि काम झालं त्याच आठवड्यात त्याचे फोटो काढा. न्यूजप्रिंटचा कागद पिवळा पडतो, कोळसा ट्यूबमध्ये गुंडाळला की घासला जातो. चित्र सावलीतल्या खिडकीशेजारी उभं लावा, फ्लॅश बंद, कॅमेरा चित्राच्या बरोबर मधोमध. माझी पहिल्या सत्रातली सगळ्यात चांगली किटली गॅरेजमध्ये कपड्यांच्या बॅगेखाली होती. अर्जाच्या आठवड्यात बाहेर काढली, तर किटली बॅगेच्या अस्तराला लागलेली आणि कागदावर नुसता धूर.