'टू मीट' की 'टू मीटिंग'? प्रिपोझिशननंतरच्या या चुका टाळा

नोकरीचा अर्ज तपासायला आला की मी आधी शेवटची ओळ वाचतो. बाकी अर्ज नीटनेटका असतो आणि नेमकं तिथे लिहिलेलं असतं, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. हवं होतं, 'टू मीटिंग यू'.

हे सांगितलं की मुलं गोंधळतात. 'टू'नंतर मूळ क्रियापद, हे त्यांनी शाळेत घोकलेलं असतं. तेही खोटं नाही, पण इंग्रजीत 'टू' दोन आहेत. एक क्रियापदाचा सोबती: 'आय वाँट टू मीट यू'. दुसरा प्रिपोझिशन, म्हणजे आपल्या शब्दयोगी अव्ययाचा भाऊ. त्याला पुढे नामच लागतं, क्रियापद आलं तर ते आयएनजी (-ing) लावून नामासारखं करावं लागतं. ओळखायचं कसं? 'टू'पुढे एखादं नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी' चालतं, म्हणून 'टू मीटिंग'. 'आय वाँट टू दिवाळी' चालत नाही, म्हणून 'टू मीट'. 'ऑब्जेक्ट टू', 'कमिटेड टू', 'इन ॲडिशन टू' यांनाही हीच कसोटी लावा.

सगळ्यात जास्त घोळ 'यूज्ड टू'चा. 'मी लवकर उठायचो' म्हणजे 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली'. 'मला लवकर उठायची सवय आहे' म्हणजे 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली'. मध्ये 'ॲम' आला की अर्थही बदलतो आणि पुढचं रूपही.

खरं तर हा नियम आपल्या कानाला परका नाही. 'जेवतो आधी' असं कुणी म्हणत नाही. 'जेवणे' नामासारखं वागतं, त्याचं सामान्यरूप होतं आणि मग अव्यय लागतं: जेवण्याआधी, जेवण्याऐवजी. इंग्रजीत ते काम आयएनजी करतं: 'बिफोर ईटिंग', 'इन्स्टेड ऑफ ईटिंग'.

पाय घसरतो तो मराठी दुसरं रूप वापरते तिथे. 'न जेवता'चं 'विदाउट ईट' होतं, हवं 'विदाउट ईटिंग'. 'आल्याबद्दल आभार' यात 'आल्या' ऐकून हात 'केम'कडे जातो. पण 'थँक यू फॉर कमिंग' हेच बरोबर. येणं काल झालेलं असलं तरी. नकार हवा तर 'नॉट' आयएनजीच्या आधी: 'सॉरी फॉर नॉट कॉलिंग'.

उलटी चूकही तितकीच होते. 'साठी' दिसलं की 'फॉर', असं समीकरण डोक्यात बसलेलं असतं. त्यामुळे 'मी शिकण्यासाठी पुण्याला आलो'चं 'आय केम टू पुणे फॉर स्टडींग' होतं. माणूस कशासाठी आला, गेला, थांबला हे सांगताना 'टू स्टडी' म्हणा. वस्तू कशाच्या उपयोगाची आहे हे सांगताना 'फॉर' शोभतो: 'अ नाइफ फॉर कटिंग ब्रेड'.

काही जोड्या मात्र अख्ख्याच लक्षात ठेवाव्या लागतात: 'इन्सिस्ट ऑन पेइंग', 'गुड ॲट कुकिंग', 'थिंकिंग ऑफ बाइंग'. 'डिस्पाइट'पुढे 'ऑफ' नको, थेट 'डिस्पाइट बीइंग टायर्ड'.

आणि अर्जात 'इंटरेस्टेड टू वर्क' लिहिलं असेल तर ते 'इंटरेस्टेड इन वर्किंग' करा. 'आय वुड बी इंटरेस्टेड टू नो' असं लिहिलं असेल तर मात्र हात लावू नका. नो, हिअर, सी अशा, काही कळण्याच्या क्रियापदांआधी तो 'टू' बरोबर आहे.