डिशची छत्री एक, सेट-टॉप बॉक्स चार
दुसऱ्या खोलीत टीव्ही लावला की बरेच जण पन्नास-शंभरचा स्प्लिटर आणून केबल फोडतात. मग एका खोलीत चॅनल बदलला की दुसरीकडे 'नो सिग्नल'! कारण बॉक्स केबलमधूनच एलएनबीला (छत्रीसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून उभी-आडवी लहर निवडतो; दोन बॉक्सांनी दोन हुकूम सोडले की घोळ होतो.

छत्री तीच ठेवा, एलएनबी बदला. दोन बॉक्सांना ट्विन (दोन तोंडांचा), चारांना क्वाड (चार तोंडांचा). प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र आरजी-६ केबल. 'क्वाट्रो' मात्र उचलू नका, नाव सारखं असलं तरी त्याला मल्टिस्विच (सिग्नल अनेक बॉक्सांना वाटणारं वेगळं यंत्र) लागतो. पावसाळ्याआधी बाहेरच्या जोडांवर रबरी टेप गुंडाळा. आणि पेड सेवेत जादा बॉक्सचं रिचार्ज वेगळंच असतं, बरं का!