फोटोवरून फळमाशी ओळखताना

आंबा-पेरूच्या बागेतल्या सापळ्यात सापडलेली माशी कोणत्या जातीची, हे ठरवायला बसलेला नवखा माणूस बहुधा पोटावरच्या इंग्रजी 'टी'सारख्या काळ्या खुणेपासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. हा टी बॅक्ट्रोसेरा या फळमाश्यांच्या वंशातल्या अनेक जातींत असतो. शिवाय एकाच जातीच्या दोन माश्यांतही एकीचा ठळक तर दुसरीचा तुटका दिसतो. म्हणून पोट शेवटी बघायचं. आधी पंख, मग चेहरा, मग छाती.

एक गोंधळ सुरुवातीलाच मिटवू. सडक्या केळ्यावर घोंगावणारी 2-3 मिलिमीटरची लाल डोळ्यांची माशी म्हणजे ड्रोसोफिला, तिचं कुळच वेगळं. बागायतदार जिला फळमाशी म्हणतात ती 6-8 मिलिमीटरची, पिवळ्या खुणांची, चांगल्या फळात अंडी घालणारी.

माशी जिवंत असेल तर डबीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. फोटो किमान चार हवेत: वरून, बाजूने, चेहरा समोरून, आणि पांढऱ्या कागदावर पसरलेला एक पंख. शेजारी मोजपट्टी ठेवा. मोबाईलला मॅक्रो लेन्स लावली तरी पुरते, पण फ्लॅश नको. चकाकणाऱ्या काळ्या छातीचा खरा रंग त्यात कळत नाही. खिडकीचा उजेड बटर पेपरमधून घेतला की रंग खरे येतात. अल्कोहोलमध्ये टाकण्यापूर्वीच फोटो काढा, कारण नंतर पिवळा रंग फिका पडतो.

आता पंख. पुढच्या कडेचा अरुंद तपकिरी पट्टा टोकापर्यंत सलग गेला असेल तर बॅक्ट्रोसेरातल्या डॉर्सॅलिस या जातीचा संशय धरा. पट्टा मध्येच तुटून टोकाशी सुटा ठिपका असेल तर त्याच वंशातली झोनाटा किंवा करेक्टा. या दोघींचा निकाल चेहरा लावतो: झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन सुटे काळे ठिपके असतात, करेक्टाचे ठिपके आडवे ताणलेले, जवळजवळ एकमेकांना भिडलेले. झोनाटाची छाती तांबूस, करेक्टाची काळी. डॉर्सॅलिसची छातीही बहुधा काळीच, पण तपकिरी निघालेल्या माश्याही असतात, म्हणून छाती आणि पंख यांचं जमत नसेल तर पंखाचं ऐका. छातीवर दोन बाजूंच्या पिवळ्या पट्ट्यांखेरीज मधोमध तिसरा पट्टा दिसला आणि पंखातल्या आडव्या शिरेवर तपकिरी डाग असला, तर ती काकडी-कारल्यावरची कुकरबिटी. जुन्या पुस्तकांत ती बॅक्ट्रोसेरात आहे, आता झ्यूगोडेकस या वंशात.

कोणतं आमिष लावलं होतं, ही नोंद फोटोइतकीच मोलाची. मिथाईल युजेनॉलला डॉर्सॅलिस, झोनाटा, करेक्टा येतात. कुकरबिटी क्यूल्युअरला येते. दोन्हीकडे सापडतात ते जवळपास सगळे नर, त्यामुळे अंडनलिका, म्हणजे मादीची अंडी घालायची नळी, शोधत बसू नका.

डॉर्सॅलिसच्या जवळच्या बहिणी पुष्कळ. दक्षिण भारतातली कॅरिई त्यांपैकीच. मांड्या आणि छातीच्या बाजूचे पट्टे स्पष्ट दिसत नसतील तर 'डॉर्सॅलिस गट' एवढंच लिहून थांबावं. फोटोवरून कीटक ओळखणाऱ्या ॲपने जातीचं नाव ठामपणे दिलं तरी आमचा सल्ला हाच. पंख मिटलेला एकच फोटो असेल तर गटसुद्धा लिहू नये.

फळातल्या अळीचा फोटो पाठवून जात विचारण्यात अर्थ नाही. किडलेलं फळ बरणीत 3 सेंटिमीटर ओलसर वाळूवर ठेवा, तोंडाला मलमल बांधा. अळ्या वाळूत कोष करतील. उन्हाळ्यात साधारण आठवडा-दहा दिवसांत माश्या निघतात, पण त्या फिकट असतात. त्यांना तीन-चार दिवस साखर आणि ओला कापूस द्या, मगच फ्रीजरमध्ये टाका.