प्रलय आणणारा ग्रह खरोखर येत आहे का, हे स्वतः कसे तपासावे

मावळत्या सूर्याच्या शेजारी दुसरा, थोडा फिकट आणि लालसर गोळा दाखवणारी चित्रफीत मोबाइलवर येते. 'निबिरू' नावाचा ग्रह पृथ्वीच्या दिशेने निघाला असून शास्त्रज्ञ ही गोष्ट दडवून ठेवत आहेत, असे तिच्याखाली लिहिलेले असते, आणि रात्री अंथरुणात पडल्यावर घरातले एखादे मूल विचारते, "खरंच सगळं संपणार का?" अशा वेळी "काहीतरीच काय, झोप बघू" एवढे उत्तर पुरत नाही. भीती खरी असते, आणि ती घालवण्याचा टिकाऊ मार्ग म्हणजे त्या मुलाला बरोबर घेऊन बातमी तपासणे. त्यासाठी वेधशाळा लागत नाही. एक वही, गच्ची किंवा मोकळे मैदान, मोबाइल आणि शाळेतले गणित पुरते.

आपल्याकडे ही भीती नवी नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे केतूसह मकर राशीत एकत्र आले, तेव्हा अष्टग्रहीच्या धास्तीने देशभर यज्ञ आणि जप झाले होते. आमच्या आजीने त्या रात्री घरातल्या सगळ्यांना एकाच खोलीत झोपवले होते, आणि सकाळी दूधवाला नेहमीच्या वेळी दारात उभा राहिला हे ती शेवटपर्यंत सांगत असे. तिला हसणे मला कधी जमले नाही, कारण आकाशात ते ग्रह नेमके कुठे आहेत आणि एका राशीत दिसले तरी एकमेकांपासून किती दूर आहेत, हे तिला कोणी दाखवलेच नव्हते.

तपासणीची सुरुवात वहीपासून करावी. दावा आपल्या शब्दांत लिहून घ्यावा: काय येणार, केव्हा येणार, कुठून दिसणार, आणि कोणती गोष्ट घडली नाही तर दावा खोटा ठरला असे मानायचे. ही शेवटची ओळ सर्वांत मोलाची आहे आणि ती निकालाच्या आधी लिहावी लागते. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली, तेव्हा नेमके हेच केले होते. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या, भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखण्यास सांगितले. २७ जणांची उत्तरे आली आणि त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली, म्हणजे नाणेफेकीहून अधिक काही हाती लागले नाही. कोणाची टवाळी न करता, दोन्ही बाजूंना मान्य होतील असे नियम आधी ठरवून घेतलेली ही चाचणी मला मोकळ्या मनाचा उत्तम नमुना वाटते.

निबिरूच्या दाव्याची वही अशी भरली, तर तारखांची रांगच उभी राहते. झेकरिया सिचिन यांनी १९७६ साली प्राचीन मेसोपोटेमियातील लेखांचा स्वतःचा अर्थ लावून ३,६०० वर्षांनी एकदा येणाऱ्या ग्रहाची कल्पना मांडली. त्या लेखांचे जाणकार हा अर्थ मान्य करत नाहीत. अमेरिकेतील नॅन्सी लीडर यांनी १९९५ पासून, आपल्याला परग्रहवासीयांकडून निरोप येतात असे सांगत, एक महाकाय ग्रह मे २००३ मध्ये पृथ्वीजवळून जाईल असे जाहीर केले. तो महिना गेल्यावर हीच गोष्ट माया कालगणनेतील एका मोठ्या आवर्तनाच्या शेवटाला, म्हणजे २१ डिसेंबर २०१२ ला, जोडली गेली आणि पुढे २३ सप्टेंबर २०१७ ला. मधल्या काळात, २०११ साली, एलेनिन नावाचा एक लहानसा धूमकेतू हाच तो ग्रह असल्याचे सांगितले जात होते. तो सूर्याजवळ पोचता पोचता विखरून गेला. तारीख चुकली की दावा मागे न घेता तारीखच पुढे ढकलली जाते, हे वहीत एका पानावर दिसते तेव्हा त्याचे वजन कळते.

पुरावा म्हणून आलेले छायाचित्र तपासणे हा सर्वांत रंजक भाग आहे, म्हणून त्याला वेळ द्यावा. 'दुसरा सूर्य' बहुतेक वेळा लेन्सच्या काचांमध्ये होणाऱ्या प्रकाशाच्या परावर्तनातून तयार होतो. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याकडे मोबाइल धरून पाहावे. पडद्यावर दिव्याचे एक लहान, बहुधा हिरवट किंवा निळसर भूत दिसते. मोबाइल हळूच डावी-उजवीकडे फिरवला की दिवा एका बाजूला आणि ते भूत विरुद्ध बाजूला सरकते, आणि दोघांना जोडणारी रेषा चौकटीच्या मध्यातून जाते. आता हात लांब करून अंगठ्याने दिवा असा झाकावा की त्याचा प्रकाश लेन्सवर पडणार नाही. भूत नाहीसे होते. आकाशात खरोखर दुसरी वस्तू असती, तर दिवा झाकल्यावर ती नाहीशी होण्याचे कारण नव्हते. हा प्रयोग मुलाच्या हातून करवून घ्यावा. त्याच्या अंगठ्याखाली 'ग्रह' विझतो तो क्षण पाहण्यासारखा असतो. मात्र सूर्याकडे थेट पाहू नये, आणि द्विनेत्री किंवा दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये.

काही वेळा दुसरा सूर्य कॅमेऱ्याविना, डोळ्यांनाही दिसतो. उंचावरच्या विरळ ढगांत बर्फाचे षट्कोनी स्फटिक असले, की त्यांतून वळलेल्या प्रकाशामुळे सूर्याच्या डाव्या-उजव्या बाजूला सुमारे २२ अंशांवर तेजस्वी ठिपके उमटतात. चंद्राभोवती पडणारे खळे आपण पाहतो, त्याच कुळातली ही घटना आहे. मोजण्यासाठी हात पूर्ण लांब करून वीत पसरावी: अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर आकाशात सुमारे वीस ते बावीस अंश भरते. सूर्य इमारतीच्या कडेआड ठेवून मोजले आणि ठिपका एका वितीवर, सूर्याइतक्याच उंचीवर सापडला, तर उत्तर मिळाले.

अंतराळातून आल्याच्या नावाखाली फिरणाऱ्या चित्रांचा उगम शोधण्यासाठी चित्रावरून शोध घेण्याची सोय वापरावी. निबिरूचे म्हणून पसरलेले एक देखणे लालसर चित्र प्रत्यक्षात हबल दुर्बिणीने टिपलेल्या व्ही८३८ मोनोसेरोटिस या ताऱ्याचे आहे; २००२ साली तो एकाएकी उजळला आणि त्याचा प्रकाश भोवतालच्या धुळीवर पसरत गेला. सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या सोहो यानाच्या चित्रांत 'पंख असलेला ग्रह' दिसतो, तोही ओळखीचाच असतो. शुक्र किंवा बुधासारखा तेजस्वी ग्रह चौकटीत आला की कॅमेऱ्याच्या संवेदकावरील त्या जागचा विद्युतभार शेजारच्या घरांत सांडतो आणि दोन्ही बाजूंना आडव्या रेघा उमटतात. गूगल स्कायवर मृग नक्षत्राजवळ एक काळा चौकोन दिसत असे. अनेक चित्रे जोडून केलेल्या नकाशातली ती उणीव होती. आकाशाचा तोच तुकडा इतर सर्वेक्षणांत उपलब्ध आहे आणि तिथे नेहमीचे तारे आहेत.

आता गणित. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार, वर्षांत मोजलेल्या परिभ्रमणकाळाचा वर्ग हा सूर्य-पृथ्वी अंतराच्या पटीत मोजलेल्या सरासरी अंतराच्या घनाइतका असतो. ३,६०० चा वर्ग १,२९,६०,००० होतो आणि त्याचे घनमूळ सुमारे २३५ येते. पृथ्वीपर्यंत येणारा असा ग्रह दुसऱ्या टोकाला सुमारे ४६९ पट अंतरापर्यंत जायला हवा. कक्षा इतकी लांबट असली की ग्रहाच्या वेगाचा हिशेब करता येतो, आणि मी तो करून पाहिला तेव्हा असे निघाले: शनीची कक्षा ओलांडल्यापासून पृथ्वीच्या कक्षेपर्यंत यायला त्याला सुमारे अडीच वर्षे लागतील, आणि गुरूच्या कक्षेपासून सुमारे तेरा महिने. अडीच वर्षे म्हणजे शनीला एक रास ओलांडायला लागणारा काळ. साडेसातीचा हिशेब याच तीन अडीचक्यांचा असतो. पृथ्वीच्या चौपट व्यासाचा ग्रह गुरूच्या अंतरावर आला, तर तो आकाशातल्या ठळक ताऱ्यांच्या रांगेत बसेल. म्हणजे 'पुढच्या महिन्यात धडक' अशी बातमी खरी असती, तर तो ग्रह आपल्याला वर्षभर आधीपासून नुसत्या डोळ्यांनी दिसत असता.

"तो सूर्याआड लपला आहे" हा आक्षेपही वहीत लिहून तपासावा. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे दूरवरून येणारी वस्तू आज सूर्याच्या दिशेला असली, तर काही महिन्यांतच ती रात्रीच्या आकाशात येते. "तो केवळ दक्षिणेकडून दिसतो" असे म्हणणाऱ्यांसाठी, पुण्याहून दक्षिण खगोलीय ध्रुवाभोवतीचे सुमारे १८ अंश सोडले, तर बाकीचे सगळे आकाश वर्षभरात कधी ना कधी दिसते. आणि उरलेला भाग ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि चिलीतील हजारो हौशी निरीक्षकांच्या डोक्यावर असतो. ग्रहाला दार लावून घेता येत नाही.

मोकळ्या मनाची कसोटी मात्र इथून पुढे लागते, कारण सूर्यमालेत अज्ञात ग्रह असू शकतो ही कल्पना मुळात वेडगळ नाही. युरेनसची अपेक्षित आणि प्रत्यक्ष चाल यांतील फरकावरून फ्रेंच गणितज्ञ ल व्हेरिए यांनी गणिताने जागा सांगितली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये योहान गाले यांना नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लॉवेल यांनी त्याच पद्धतीने नेपच्यूनपलीकडच्या अज्ञात ग्रहाचा, 'प्लॅनेट एक्स'चा, शोध आरंभला, आणि क्लाइड टॉमबॉ यांना १९३० मध्ये प्लूटो मिळाला, पण त्या गणिताला पुरेल इतके वस्तुमान त्याच्यात नव्हते. पुढे १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ हे यान नेपच्यूनजवळून गेले, त्या ग्रहाचे वस्तुमान नेमके कळले, आणि ते वापरून १९९३ साली नव्याने हिशेब केल्यावर उरलेले फरकच नाहीसे झाले. आठ दशकांहून अधिक काळ लांबलेला शोध एका सुधारलेल्या आकड्यामुळे मिटला आणि खगोलशास्त्रज्ञांनी तो मिटू दिला. मला या विद्येचे प्रेम वाटते ते अशा प्रसंगांमुळे.

आयरास या अवरक्त उपग्रहाने १९८३ साली काही अनोळखी वस्तू टिपल्या आणि वृत्तपत्रांत रहस्यमय पिंडाची बातमी आली. हे कात्रण आजही पुरावा म्हणून फिरते. त्या वस्तू पुढे दूरच्या दीर्घिका आणि आकाशगंगेतील धूळ निघाल्या, ही पुढची बातमी सोबत नसते. नंतर वाइज या उपग्रहाच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये जाहीर झाले की शनीएवढा ग्रह सूर्य-पृथ्वी अंतराच्या १०,००० पटींपर्यंत, आणि गुरूएवढा २६,००० पटींपर्यंत, आढळत नाही. त्याहून लहान ग्रहाला अजून जागा आहे. म्हणूनच बातिगिन आणि ब्राउन या खगोलशास्त्रज्ञांनी जानेवारी २०१६ मध्ये मांडलेला 'नववा ग्रह' हा गंभीर विषय आहे. तो अद्याप सापडलेला नाही, आणि सापडला तरी त्यांच्याच हिशेबाप्रमाणे तो पृथ्वीच्या आसपास कधी येत नाही. कोणी हे नाव निबिरूला चिकटवले, तर एवढा फरक सांगता आला पाहिजे.

"धोका असता तर त्यांनी लपवला असता" या म्हणण्यावर २०२४ वायआर४ या लघुग्रहाची गोष्ट सांगावी. तो डिसेंबर २०२४ मध्ये सापडला, डिसेंबर २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांच्या थोडी वर गेली, आणि हे आकडे रोजच्या रोज जगापुढे होते. निरीक्षणे वाढली तशी शक्यता जवळपास शून्यावर आली. सुमारे साठ मीटरच्या दगडाची बातमी कोणी दडवली नाही.

या सगळ्याच्या जोडीला आकाशाची स्वतःची ओळख हवी. खिडकीतून किंवा गच्चीवरून सूर्योदयाची जागा दर आठवड्याला एखाद्या इमारतीच्या किंवा झाडाच्या संदर्भाने चितारून ठेवावी. पुण्याच्या अक्षांशावर ती जागा पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे पंचवीस अंशांपर्यंत सरकते, आणि उत्तरायण-दक्षिणायन हे शब्द वहीत दिसू लागतात. मग "सूर्य भलतीकडे उगवतोय" या ओरडीने दचकायला होत नाही. स्टेलॅरियम हे मोफत संगणकीय तारांगण आजची रात्र दाखवते. त्यात गुरू शोधून, दहा-पन्नासच्या (दहापट मोठे दाखवणाऱ्या, पन्नास मिलिमीटर भिंगांच्या) द्विनेत्रीने लागोपाठ चार रात्री त्याचे चंद्र टिपावेत. शंका आली तर जाणत्यांकडे जावे: पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करत आली आहे, आणि मुंबईत नेहरू तारांगण आणि खगोल मंडळ आहेत.

घाबरलेल्या माणसाशी बोलताना आपली सगळी माहिती एकदम त्याच्यावर ओतू नये. त्याने पाहिलेली चित्रफीत त्याच्याबरोबर शेवटपर्यंत पाहावी, त्यातला त्याला पटलेला एकच मुद्दा निवडावा, आणि तेवढाच दोघांनी मिळून तपासावा.

वहीचे पुढचे पान आताच आखून ठेवता येईल. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटर अंतरावरून जाणार आहे; भारतीय वेळेनुसार तो सर्वांत जवळ असेल तेव्हा १४ तारखेच्या पहाटेचे सव्वातीन वाजलेले असतील. तो आदळणार नाही, हे कक्षेच्या मोजणीतून निश्चित झाले आहे. त्या दिवसांत चित्रफिती येतीलच, म्हणून पानावर तारीख, वेळ आणि अंतर लिहावे, खाली तीन ओळी रिकाम्या सोडाव्यात, आणि त्या रात्री ढग नसतील तर मुलांना उठवून गच्चीवर न्यावे.