बिनब्रेकच्या गाडीवर: स्पीडवे शिकू पाहणाऱ्यांसाठी

स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची मोटरसायकलींची शर्यत. तिथल्या पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, पहिल्यांदा शिरलो तेव्हा मला आजी आठवली. नाक दाबून एरंडेल पाजायची ती. या गाड्यांच्या इंजिनात वर्षानुवर्षं एरंडाच्या तेलाचं वंगण वापरलं गेलं आणि जळक्या एरंडेलाचा तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीपायी इंग्लंडला आलो, आणि एकतिसाव्या वर्षी शनिवार-रविवारच्या शिकाऊ वर्गात नाव घातलं. वय उलटून गेलं होतं, त्यामुळे चॅम्पियन वगैरे व्हायचा प्रश्नच नव्हता. पण चार हंगाम पडत-झडत काढले आणि आता एका होतकरू पोराच्या गाडीचं काम बघतो. 'यात करिअर कसं करायचं' असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी गाडी. ५०० सीसी, एक सिलिंडर, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक नाही. पुढे नाही, मागेही नाही. चौघे जण, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. पहिल्याला ३ गुण, मग २, १ आणि शेवटच्याला भोपळा. वळणं सगळी डावीकडे. गाडी वळवायची ती मागचं चाक घसरवून, त्या वेळी हँडल मात्र उजवीकडे असतं. डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बांधलेला असतो, तो मातीवर टेकवत जायचं.

नवशिक्याची हाडं मोडतात ती एकाच चुकीने. मागचं चाक घसरायला लागलं की पोटात गोळा येतो आणि हात आपोआप थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) सोडतो. घसरणाऱ्या चाकाला अचानक पकड मिळते, गाडी ताडकन उभी राहते आणि तुम्हाला पलीकडे भिरकावते. माझं कॉलरबोन असंच गेलं, तिसऱ्याच दिवशी. कोल्हापुरात पावसाळी चिखलात राजदूत चालवल्याचा मला भलता अभिमान होता. तोच नडला, कारण चिखलात जपून चालवायची सवय हाताला लागलेली होती. इथे भीती वाटली तरी थ्रॉटल उघडाच ठेवायचा. हे डोक्याला पाच मिनिटांत पटतं, मनगटाला पटायला सहा महिने लागतात. मनगटाला बांधलेली दोरी मात्र विसरू नका. तुम्ही पडलात की ती खेचली जाते आणि इंजिन बंद होतं.

आता करिअरचं. इथे मी सगळ्यांना स्पीडवेचा जगज्जेता आयव्हन मेजर याचं उदाहरण देतो. (इंग्रजी स्पेलिंग बघून लोक 'मॉगर' म्हणतात, पण उच्चार मेजर.) जन्म १९३९, न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. त्याच शहरातले रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज जगज्जेते झालेले, त्यामुळे पोराच्या डोळ्यांपुढे रस्ता स्पष्ट होता. १९५७ मध्ये, सतराव्या वर्षी, नवी नवरी बरोबर घेऊन तो लंडनला विम्बल्डन क्लबकडे आला. जमलं नाही. संघात पाय रोवता येईना, म्हणून परत गेला. १९६३ ला पुन्हा आला, तेव्हा खालच्या लीगमधल्या न्यूकॅसलकडे. पहिलं जगज्जेतेपद १९६८ मध्ये. म्हणजे पहिल्यांदा बोटीतून उतरल्यापासून ११ वर्षं! मग १९६९ आणि १९७० धरून सलग तीन, पुढे १९७२, १९७७ आणि १९७९. शेवटचं जिंकलं तेव्हा चाळिशीला महिनाभर उरला होता. सलग तिसऱ्या विजयाबद्दल त्याच्या गाडीला सोन्याचा मुलामा चढवला गेला, ती गोष्ट लोकांना फार आवडते. मला त्या मधल्या पाच-सहा वर्षांचं जास्त अप्रूप वाटतं.

मेजर सगळ्यांत धाडसी होता असं जुने लोक म्हणत नाहीत. म्हणतात ते त्याच्या तयारीबद्दल, आणि सुरुवातीबद्दल. सुरुवातीच्या रेषेवर आडवी ताणलेली फीत वर उडते त्या क्षणी क्लच सोडून पहिल्या वळणावर पुढे असणं, यातच निम्मी शर्यत असते. मागे पडलात की पुढच्याच्या चाकाची माती तोंडावर घ्यायची. फितीला आधी शिवलात तर शिक्षा. म्हणून सरावाला गेलात तर फेऱ्या कमी मारा, सुरुवाती जास्त करा. माझं कुणी ऐकत नाही, कारण कंटाळवाणं काम आहे ते.

पैशाचं सरळ सांगतो. खेळाडू नोकरदार नसतो, स्वतःचा धंदा चालवतो. गाड्या, इंजिनं, व्हॅन, मेकॅनिक सगळं आपलं, आणि मिळकत मुख्यतः गुणांवर. पडलात, दुखापत झाली, तर गुण नाहीत. त्यामुळे पाना धरता येत नसेल तर आधी ते शिका. शर्यत संपली की कार्ब्युरेटरमधलं मिथेनॉल काढून टाका, नाहीतर ते हवेतलं पाणी ओढतं आणि आतून गंज धरतो. मिथेनॉलची ज्योत उजेडात दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

लाँग ट्रॅकला, म्हणजे याच खेळाच्या लांब ट्रॅकवरच्या प्रकाराला, जायचं स्वप्न बऱ्याच जणांना पडतं. ते जग प्रामुख्याने जर्मनीतलं. ट्रॅक हजार मीटरपर्यंत लांब, गाडीही लांब, मागे सस्पेन्शन, दोन गिअर, आणि सरळ पट्ट्यावर वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात. कोरड्या दिवशी पुढच्याचा धुरळा एवढा की वळण अंदाजाने घ्यावं लागतं. दोन्हीकडे जगज्जेते झालेले थोडेच. मेजरने लाँग ट्रॅक १९७१, १९७२ आणि १९७६ ला जिंकलं. जर्मनीच्या एगॉन म्युलरने आधी लाँग ट्रॅक तीनदा मारलं आणि मग १९८३ ला नॉर्डनमध्ये स्पीडवेचं विजेतेपद. उलट इंग्लंडचा सायमन विग लाँग ट्रॅकचा पाच वेळा विजेता, पण स्पीडवेत त्याला ते कधी जमलं नाही. मी एकदाच तिथे सराव केला. वळण येतच नाही, येतच नाही, आणि आलं की संपत नाही. तेव्हा लहान ट्रॅकवर दोन हंगाम पुरे झाल्याशिवाय तिकडे वळू नका.

पहिल्या दिवशी स्वतःची गाडी विकत घेऊन जाऊ नका, बरेच वर्ग भाड्याने देतात. बूट मात्र स्वतःचेच न्या, टाच मजबूत असलेले. पोलादी तळवा त्या बुटाच्या मापाने बनवून घ्यावा लागतो, आणि उसन्या बुटावरचा ढिला तळवा पहिल्याच वळणावर निघून जातो.