मोरचुदी रंगाचा पाहुणा: व्हर्डिटर माशीमार कसा ओळखाल

हिमालयातल्या जंगलांत वीण करणारा हा पक्षी हिवाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही दिसतो. नजर वर ठेवा. तो उघड्या शेंड्यावर ताठ बसतो, हवेत झेपावून किडा टिपतो. लांबी साधारण १६ सेंमी. नर पोटासकट थेट मोरचुदाच्या रंगाचा; चोच आणि डोळा यांमधला भाग काळा, हीच पक्की खूण. मादी फिकट, तिथे करडी.

घोटाळा होतो तो प्रकाशामुळे. मागे आभाळ असेल तर निळा पक्षी काळाच दिसतो. ऊन पाठीशी घेऊन पुन्हा बघा. छाती नारिंगी, पोट पांढरं आणि पक्षी खालच्या झुडपांत? मग तो टिकेलचा निळा माशीमार. पोट पांढरट आणि मानेमागे काळा ठिपका असेल, तर ब्लॅक-नेप्ड मोनार्कचा नर.